नकाशा सरकलाय? हात लावण्याआधी किती आणि कुठे ते मोजा

"सर, आमची जॅकवेल नदी सोडून उसात गेलीय."

असा फोन मला वर्षातून चार-सहा वेळा तरी येतो. जॅकवेलच्या, म्हणजे नदीतून पाणी उपसायच्या विहिरीच्या, जागी कधी शेतातली विहीर असते, कधी पवनचक्की, कधी पाइपलाइनचा व्हॉल्व्ह. पलीकडे बहुतेक वेळा नुकताच डिप्लोमा झालेला मुलगा असतो. साइटवरचे आकडे, जुनी टोपोशीट (सर्वेक्षण विभागाचा छापील नकाशा) आणि उपग्रहाचं चित्र त्याने एकावर एक ठेवलेलं असतं आणि तिघांचं काही केल्या जुळत नसतं. मी कराडात राहतो, सातारा-सांगलीतल्या पाणी योजना आणि रस्त्यांचे नकाशे करतो. हे दुखणं इतक्यांदा निस्तरलंय, की आता दोनच प्रश्न आधी विचारतो. किती मीटर? कुठल्या दिशेला?

उत्तर येतं, "बरंच सरकलंय सर." आणि मग हळूच, "मी जरा ढकलून बसवलंय तात्पुरतं." हे ढकलणं सगळ्यात वाईट. मूळ चूक तशीच राहते, तिच्यावर आपल्या हाताची दुसरी चूक चढते आणि महिन्याने फाइल उघडणाऱ्याला कुठली कुणाची हे कळायचा मार्ग उरत नाही. चूक किती आणि कुठल्या बाजूला आहे, यातच तिचं कारण असतं. ढकललं की तो पुरावाच पुसला जातो.

लक्षणं

आपल्या दोन जिल्ह्यांत मला वारंवार दिसलेली अशी:

- ठिपका थेट बर्फाळ समुद्रात, अरबी समुद्रात नाहीतर तेलंगणात.
- ठिपका जिल्ह्यातच, पण २०-३० किलोमीटर लांब. गाव साताऱ्याचं, ठिपका कराडच्या बाजूला.
- सगळेच ठिपके एकाच दिशेला साधारण १४० मीटर सरकलेले.
- तेच, पण दुप्पट. २८० मीटरच्या आसपास.
- उत्तर-दक्षिण सात-आठ मीटरचा फरक, पूर्व-पश्चिम जवळजवळ ठीक.
- एका टोकाला तंतोतंत, दुसऱ्या टोकाला तीन-चार मीटर चूक.
- आडवं सगळं जुळतं, उंची मात्र ६०-७० मीटरनी चुकते.

आपलं लक्षण कुठलं हे ठरवायला एक ठिपका पुरत नाही. एकमेकांपासून लांब असलेल्या तीन खुणा घ्या. जुन्या नकाशावरही दिसतील आणि आजही हलल्या नसतील अशा. सांगलीत असाल तर आयर्विन पुलाची दोन टोकं. पूल १९२९ चा, त्यानंतरच्या मोजणीच्या शीटवर तो असतो. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या तटाचा कोपरा. गावात जुन्या देवळाचा कळस. नदीचा काठ घेऊ नका. आमच्याकडच्या एकाने प्रीतिसंगमाची कड खूण म्हणून धरली होती. कृष्णा-कोयनेचा तो काठ पावसाळ्यात वेगळा आणि मे महिन्यात वेगळा. त्याने दोन दिवस नदीची चूक नकाशात शोधली.

तिन्ही ठिकाणी फरक किती मीटर आणि कुठल्या बाजूला, ते कागदावर बाण काढून लिहा. तिन्ही बाण सारखे निघाले तर चूक संदर्भाची. बाण लांबत गेले तर मापाची. बाण कसेही भरकटले तर आकडे लिहिण्यात घोळ आहे, नाहीतर नकाशाचा कागदच आकसलाय.

पाच मिनिटांच्या, फुकटच्या तपासण्या

यांनीच निम्मी दुखणी बरी होतात, म्हणून आधी याच.

*अक्षांश-रेखांशाची अदलाबदल.* सातारा शहर साधारण १७.६८ उत्तर, ७४.० पूर्व. उलटं घातलं की ७४ उत्तर, १७.६८ पूर्व होतं, म्हणजे नॉर्वेच्या वरचा आर्क्टिक समुद्र. गोंधळ होतो कारण गूगलच्या शोधपट्टीत अक्षांश आधी लिहायचा आणि केएमएल फाइलमध्ये (गूगल अर्थची नकाशा-फाइल) रेखांश आधी. आपल्याकडे आकडा सोपा आहे. १६ ते १८ ने सुरू होणारा अक्षांश, ७३ ते ७५ ने सुरू होणारा रेखांश.

*अंश-मिनिट-सेकंद आणि दशांश.* १७ अंश ४० मिनिटं ४८ सेकंद म्हणजे १७.६८. पण घाईत लोक १७.४०४८ लिहितात. तेवढ्यात ठिपका ३० किलोमीटर दक्षिणेला जातो. ओळखायची युक्ती अशी: तुमच्या यादीत दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन आकडे कधीच ६० च्या वर जात नसतील, तर ते मिनिटं आहेत असा संशय घ्या.

*यूटीएमचा झोन.* यूटीएम म्हणजे पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे, म्हणजे झोन, पाडून जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत. आपण झोन ४३ उत्तरमध्ये येतो, ७२ ते ७८ पूर्व. मधली रेषा ७५ पूर्व, आणि ती सांगली जिल्ह्यातूनच जाते, कवठे महांकाळ आणि जत यांच्यामधून. या रेषेला ईस्टिंग, म्हणजे पूर्वेकडचं माप, ५,००,००० मीटर धरलेलं असतं. म्हणून साताऱ्याचं ईस्टिंग ३,९४,००० च्या आसपास, कराडचं ४,१३,०००, सांगलीचं ४,५५,०००, आणि जतचं पाच लाखांच्या पुढे. नॉर्दिंग, म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेकडचं माप, आपल्याकडे साधारण १८ ते २० लाख. साताऱ्याचे आकडे झोन ४४ मध्ये टाकले की ठिपका सहा अंश पूर्वेला सरकतो, वारंगळच्या बाजूला. झोन ४२ मध्ये टाकले तर अरबी समुद्रात. हे चार आकडे भिंतीवर चिकटवून ठेवा. मी ठेवलेत, चहावाल्यालाही पाठ झालेत.

*एक्सेलने खाल्लेले आकडे.* दशांशानंतरचा पाचवा आकडा म्हणजे जमिनीवर सुमारे १.१ मीटर, चौथा म्हणजे ११ मीटर. रकाना अरुंद म्हणून एक्सेलने १७.६८ एवढंच दाखवलं आणि कुणी तसंच कॉपी केलं, तर एका किलोमीटरचा भाग हातातून गेला. तो मागाहून कुठल्याच सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही. मूळ फाइल शोधा.

नाव बदललं की आकडे बदलत नाहीत

इथे जरा थांबतो, कारण शिकलेली माणसंही इथेच पडतात.

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, लेयरला, म्हणजे नकाशाच्या एका थराला, 'तू अमुक पद्धतीचा' असं लेबल लावणं. दोन, लेयरचे आकडे खरोखर बदलून नव्या पद्धतीत नवी फाइल करणं. पहिल्यात एकही आकडा बदलत नाही. तेलाच्या डब्यावर तुपाची चिठ्ठी लावली म्हणून आत तूप होत नाही. जुन्या एव्हरेस्ट डेटमचा (डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा पाया) लेयर होता, तो 'डब्ल्यूजीएस ८४ करा', म्हणजे जीपीएसच्या डेटमवर आणा, म्हटल्यावर मुलाने लेबल बदललं, आणि सॉफ्टवेअरने त्याच्यावर विश्वास ठेवला.

लेबल फक्त तेव्हाच बदलायचं जेव्हा आधीचं लेबल चुकीचं लागलंय याची खात्री आहे. बाकी सगळ्या वेळी आकडे बदलून नवी फाइल काढायची, आणि फाइलच्या नावातच पद्धत लिहायची. 'फायनल', 'फायनल२', 'फायनल_नवीन' या नावांनी माझे किती रविवार गेले ते विचारू नका.

शीटच्या कडेला काय लिहिलंय?

हीही फुकटचीच तपासणी, फक्त भिंग लागतं.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट डेटमवर आणि पॉलिकॉनिक प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची एक रीत) आहेत. त्यांचे नंबर ४७ जी, ४७ के, ४७ एल असे. महाबळेश्वर-कोयना ४७ जी मध्ये, कराड ४७ के मध्ये, सांगली-मिरज ४७ एल मध्ये. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वांसाठी निघालेल्या ओपन सिरीजच्या शीट मात्र डब्ल्यूजीएस ८४ आणि यूटीएमवर आहेत, आणि आपल्या भागात त्यांचे नंबर ई ४३ ने सुरू होतात. म्हणजे नंबर बघूनच अर्धं निदान होतं.

आता हे दोन डेटम वेगळे का? अक्षांश-रेखांश काही जमिनीवर कोरलेले नसतात. पृथ्वीचा आकार कसा धरला आणि त्याचं केंद्र कुठे मानलं, यावर ते ठरतात. एव्हरेस्टचा गोळा १८३० चा, भारताच्या जमिनीला नीट बसेल असा, मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरला आधार धरून बसवलेला. डब्ल्यूजीएस ८४ चा गोळा उपग्रहांसाठी, पृथ्वीच्या केंद्राभोवती. दोघांच्या विषुववृत्तीय त्रिज्येतच सुमारे ८३६ मीटरचा फरक आहे आणि केंद्रंही वेगळ्या जागी आहेत. एकच दगड, दोन पत्ते.

आपल्या भागात यातून निघणारा फरक मी नेहमीच्या आकड्यांनी काढला तर असा येतो: एव्हरेस्टचा अक्षांश-रेखांश तसाच डब्ल्यूजीएस म्हणून टाकला, तर ठिपका खऱ्या जागेच्या सुमारे ११५ मीटर दक्षिणेला आणि ८५ मीटर पूर्वेला पडतो. मिळून १४० च्या आसपास, आग्नेयेला. जॅकवेल उसात जाते ती अशी.

म्हणून दिशा विचारतो. आग्नेयेला १४० असेल तर रूपांतर झालेलंच नाही. वायव्येला १४० असेल तर रूपांतराची गरज नसताना केलंय, म्हणजे आकडे आधीच डब्ल्यूजीएसचे होते. पहिलं प्रकरण हातातल्या जीपीएस यंत्रातूनही फार येतं. यंत्राच्या डेटमच्या यादीत 'इंडियन' नावाचे पर्याय असतात आणि कुणीतरी, आपण भारतात आहोत ना, म्हणून ते निवडून ठेवलेलं असतं, मग यंत्र एव्हरेस्टचे आकडे देतं. यंत्र डब्ल्यूजीएस ८४ वर ठेवा आणि तो पर्याय विसरा.

रूपांतर केलं, तरी चुकतंय

मग परिमाणं बघायची. प्रचलित तीन आकड्यांची पद्धत अशी: एव्हरेस्टकडून डब्ल्यूजीएस ८४ कडे जाताना गोळ्याच्या केंद्रापासूनच्या तीन अक्षांवर, एक्समध्ये २९५, वायमध्ये ७३६ आणि झेडमध्ये २५७ मीटर मिळवायचे. यात तीन ठिकाणी ठेच लागते.

पहिली, दिशा. रूपांतर उलट दिशेने, म्हणजे डब्ल्यूजीएसकडून एव्हरेस्टकडे केलं तर चूक दुरुस्त व्हायची सोडून दुप्पट होते. आग्नेयेला २८० दिसलं की मी दुसरं काही बघतच नाही.

दुसरी, शून्य. सॉफ्टवेअरला दोन डेटममधला दुवा माहीत नसेल तर ते गुपचूप शून्य फरक धरून पुढे जातं. एखादी बारीक सूचना येते, ती कुणी वाचत नाही. रूपांतर 'यशस्वी' झालेलं असतं आणि ठिपका होता तिथेच.

तिसरी, कुठला एव्हरेस्ट? यादीत या नावाचे बरेच गोळे आहेत. मुळात माप भारतीय फुटांत होतं, आणि फुटाचे मीटर वेगवेगळ्या काळात किंचित वेगळे धरले गेले. त्यामुळे एकाची त्रिज्या ६३७७२७६.३४५ मीटर, दुसऱ्याची ६३७७३०१.२४३. वरचे तीन आकडे दुसऱ्यासोबत वापरायचे. अक्षांश-रेखांशात हा घोळ फारसा जाणवत नाही. पण आकडे ग्रिडचे, म्हणजे ईस्टिंग-नॉर्दिंगचे, असतील तर आपल्या नॉर्दिंगमध्ये सात-आठ मीटरचा फरक पडतो. लक्षणांतलं पाचवं तेच. लॅम्बर्ट नावाच्या जुन्या ग्रिडचे यार्डातले आकडे हाती आले तर आजचा यार्ड लावू नका, तिथेही काही मीटर जातात.

आणि एक गोष्ट मान्य करून टाका. सगळं बरोबर केलं तरी या तीन आकड्यांच्या पद्धतीत दहा-पंधरा मीटरची अनिश्चितता राहतेच, ती संपूर्ण देशासाठी मिळून काढलेली आहे. शिवाय १:५०,००० च्या शीटवर एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. अर्ध्या मिलिमीटरची रेघच २५ मीटर रुंद झाली. त्या शीटवरून विहिरीची जागा एका मीटरात काढून द्या म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणावं.

उपग्रहाचं चित्रही देववाणी नव्हे. सपाटीवर ते बरं असतं, पण घाटात, कड्याच्या तोंडाशी काही मीटर सरकलेलं असू शकतं. कासच्या बाजूचं काम असेल तर चित्राला प्रमाण मानून बाकीचं दुरुस्त करायला जाऊ नका.

एका टोकाला बसतं, दुसऱ्या टोकाला नाही

हे माझं स्वतःचं पाप, म्हणून तपशिलात सांगतो.

सांगलीकडची एक पाइपलाइन, आठ किलोमीटर. टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजायचं यंत्र) मोजलेली, सुरुवातीच्या खुंटीला १०००, १००० असे मनाचे आकडे धरलेले. मी ती लाइन उचलली, सुरुवात यूटीएमवर बसवली, दिशा फिरवून जुळवली. पहिला व्हॉल्व्ह बरोबर. शेवटचा साडेतीन मीटरहून जास्त पुढे. आधी यंत्रावर संशय घेतला, मग प्रिझम धरणाऱ्या पोराला बोललो. त्याची चूक नव्हती, नंतर त्याला मिसळ खाऊ घालून भरपाई केली.

कारण असं. यूटीएम म्हणजे वाकड्या जमिनीचं सपाट चित्र, आणि त्यात अंतरं मुद्दाम थोडी आखडलेली असतात. ७५ पूर्व रेषेवर प्रमाण ०.९९९६, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर ग्रिडवर ४० सेंटिमीटरनी कमी. सांगलीला साडेसदतीसच्या आसपास, साताऱ्याला २६. त्यात उंचीचा भाग मिळवा. आपण समुद्रसपाटीला नाही, पठारावर मोजतो. साडेपाचशे मीटर उंचीला किलोमीटरमागे साधारण साडेआठ सेंटिमीटर, सातशे मीटरला ११. एकूण सांगलीत किलोमीटरमागे ४६ सेंटिमीटर, साताऱ्यात ३७. आठ किलोमीटरला ४६ ने गुणून बघा, माझा व्हॉल्व्ह सापडेल.

उपाय सोपा आहे. जमिनीवरची लांबी सांगलीत ०.९९९५४ ने, साताऱ्यात ०.९९९६३ ने गुणली की ग्रिडवरची लांबी मिळते. तुमच्या गावच्या उंचीप्रमाणे शेवटचा आकडा थोडा बदलेल. पण ठेकेदाराला पाइप किती लागतील हे सांगताना उलटं करा. पाइप ग्रिडवर टाकत नाहीत, जमिनीत टाकतात. आणि फाइलवर ठळक लिहा, 'जमिनीचं माप' की 'ग्रिडचं माप'. दोन-अडीचशे मीटरच्या प्लॉटला या भानगडीत पडायची गरज नाही, दहा सेंटिमीटरच्या आसपासच फरक येतो.

उंची

जीपीएस जी उंची देतं ती त्या मानलेल्या गोळ्यापासूनची. बेंचमार्कची, म्हणजे ज्ञात उंचीच्या खुणेची, उंची समुद्रसपाटीपासूनची. आपल्या भागात समुद्रसपाटीचा पृष्ठभाग गोळ्याच्या ६०-७० मीटर खाली आहे, म्हणून जीपीएसचा कच्चा आकडा तेवढा कमी येतो. काही यंत्रं हा फरक स्वतःच मिळवून दाखवतात, काही नाही. यंत्र कुठलं दाखवतंय ते ज्ञात बेंचमार्कवर उभं राहून बघा. उपसा योजनेत नदीकाठची उंची एका पद्धतीची आणि डोंगरावरच्या टाकीची दुसरीची लागली, तर पंपाचा सगळा हिशोब वाया. अशा कामात शेवटची उंची लेव्हलिंग करूनच घ्यावी, मी तरी घेतो.

जुन्या आणि नव्या अचूक मोजणीत मीटरभराचा फरक दिसला तर घाबरू नका. भारताचा भूखंड ईशान्येकडे वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकतो, वीस वर्षांत एक मीटर होतो. कुठल्या सालचे आकडे आहेत ते विचारा.

इथे थांबा

गावचा गट नकाशा आणि फाळणी, टिपण हे जमीन मोजणीचे जुने कागद, यांना डेटमच नसतो. ती ३३ फुटी साखळीने, आण्यांत मोजलेली मापं आहेत, आणि कागद वर्षानुवर्षं आकसलेला. संगणकावर तो उपग्रह चित्रावर बसवता येतो, अंदाजासाठी ठीक आहे. पण त्यावरून बांध ठरवायचा नाही. शेजारच्या काकांना मोबाइल दाखवून "तुमची ताल आमच्यात दोन मीटर आलीय" म्हणण्याआधी लक्षात घ्या, मोबाइलचीच चूक मोकळ्या रानात तीन-पाच मीटर असते. हद्दीचा प्रश्न असेल तर तालुक्याच्या उप अधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. तिथे माझ्यासारख्याचा नकाशा चालत नाही, आणि चालूही नये.

धरण, पूल, बोगदा, भूसंपादन किंवा सेंटिमीटरची अचूकता लागणारं काहीही असेल, तर वरची तीन आकड्यांची पद्धत बाजूला ठेवा. सर्वेक्षण विभागाचे नियंत्रण बिंदू किंवा त्यांच्या कायम चालणाऱ्या जीपीएस केंद्रांचं जाळं वापरणारा सर्व्हेअर बोलवा. आणि वरच्या सगळ्या तपासण्या करूनही तीन खुणांवरचे बाण तीन दिशांना जात असतील, तर आणखी सेटिंग बदलत बसू नका. दुखणं रूपांतराचं नाही, मोजणीचं आहे.

सर्व्हेअरकडे जाताना यंत्रातून उतरवलेली मूळ फाइल, शीटच्या चारही कडांचे फोटो आणि तीन खुणांवरचे फरक लिहिलेला कागद न्या. ढकलून बसवलेली फाइल घरीच ठेवा.